पहिल्या तारखेचं पाणी

ते साल एकोणीसशे एकोणऐंशी. पालिकेने मैल्याच्या गटारात धूर सोडला ते हेच साल. आळीतल्या जुन्या माणसांना अजूनही कुणाचं वय काढायचं झालं, तर ती ‘धुराच्या आधीचा की नंतरचा’ असंच विचारतात.

आळी म्हणजे उतारावरची दहा घरं, सगळी एकाच बाजूला, खांद्याला खांदा लावून उभी. समोर शाळेची लांबलचक भिंत आणि भिंतीच्या पायथ्याशी पावसाच्या पाण्याचं उघडं गटार. सगळ्यात वर घड्याळजींचं घर, मधे पाढेबाई, बेकरीवाला आणि बाकीचे, आणि सगळ्यात खाली, दहावं, मिस्त्रींचं. मिस्त्री तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. वरच्या नऊही घरांना कधी ना कधी त्यांच्या थापीचा हात लागलेला. कुणाच्या घरात कुठली वीट पोकळ वाजते हे घरमालकाला माहीत नसेल, पण मिस्त्रींना माहीत असायचं.

त्यांची लेक आणि जावई त्यांच्याच घरी राहत. लहानपणी बाप भिंत बांधू लागला की ती सरळ उठते ना ते बघायला ही पोर ओळंब्याची दोरी धरून उभी राहायची. हलायची नाही, खोकायची नाही, नाकावर माशी बसली तरी दोरी सोडायची नाही. बापाने तिचं नाव ओळंबी पाडलं आणि ते असं चिकटलं की नवराही त्याच नावाने हाक मारायला लागला. ती घरी बसून शर्टांच्या कॉलरी उलटवून द्यायची. तेव्हा कॉलर घासून फाटली म्हणून कुणी शर्ट टाकत नसे; कॉलर उसवायची, फाटकी बाजू आत घालून पुन्हा शिवायची, की शर्ट आणखी दोन वर्षं चाले. मधल्या खोलीत मशीन, भिंतीला दोरी, दोरीवर लोकांचे पांढरे शर्ट. पुढे स्वयंपाकघर, आणि मागे, नहाणीला लागून, मिस्त्रींची खोली आणि त्यांची खाट.

घर चांगलं होतं. दुखणं एकच. जोराचा पाऊस झाला की नहाणीच्या जाळीतून पाणी वर यायचं. पाणी म्हणायचं आपलं, होतं ते आळीभरचं सांडलेलं सगळं. आधी जाळी गुळगुळ बोलायची, मग काळा फेस, मग वास, आणि पाच मिनिटांत खाटेच्या पायांना वेढा. आदल्या वर्षी तीनदा आलं. तिसऱ्या वेळी मिस्त्रींच्या पायाला जखम होती. ती चिघळली आणि पाय काढावा लागतो की काय इथवर गोष्ट गेली. डॉक्टरांनी ओळंबीला बाजूला घेऊन सांगितलं, की हे पाणी पुन्हा या पायाला लागता कामा नये. म्हातारा तरी हलवा नाहीतर पाणी तरी. म्हातारा हलणार नव्हता. घर मीच बांधलं, मी कुठे जाऊ, एवढंच त्याचं म्हणणं.

म्हणून त्या वर्षी ओळंबीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पावसाआधी हे पाणी थांबलं पाहिजे.

थांबवण्याची तयारी पालिकेनेही केली होती. शहरभर हीच रड होती. मैल्याचे नळ घराघरांतल्या सांडपाण्यापुरते टाकलेले, आणि पाऊस पडला की त्यांत दहापट पाणी. एका माणसाच्या अंथरुणात नऊ जणांनी शिरावं तशी गत. मग हे जास्तीचं पाणी शिरतं कुठून ते शोधायचं, छपरांचे नळ मैल्याला जोडलेले असतील तर तोडायला लावायचे, फुटके नळ बदलायचे, असं ठरलं. ज्या आळीत दोष सापडतील तिचं नाव यादीत; यादीतल्या आळ्यांचं काम आधी. शोधायची रीत म्हणजे धूर.

आमच्या भागाला आली ती एक तरुण ओव्हरसिअर. सडपातळ, पुरुषी बूट घातलेली, कानामागे पेन्सिल. आदल्या दिवशी घरोघरी सांगून गेली की उद्या गटारात धूर सोडणार आहोत, त्याने काही होत नाही, घाबरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी आळीच्या मधोमध मैल्याच्या गटाराचं लोखंडी झाकण काढून त्यावर मोठा पंखा बसवला आणि पांढराशुभ्र धूर आत ढकलायला सुरुवात केली. आख्खी आळी बाहेर. प्रत्येक घराच्या छपरावर मैल्याच्या हवेची उभी नळी असते, तिच्यातून धूर निघाला. तो निघायलाच हवा. ओव्हरसिअरचं लक्ष पन्हळींच्या नळांकडे होतं. छपराचं पाणी मैल्याला जोडलेलं असेल तर धूर पन्हळीतून उलटा वर येतो. ती मान वर करून एकेक घर बघत उतारावरून खाली आली. घड्याळजींची पन्हळ कोरडी. पाढेबाईंची कोरडी. बेकरीवाल्याची कोरडी. नऊच्या नऊ कोरड्या, आणि घराघरांच्या दारांत उभी माणसं शाळेत शंभरपैकी शंभर मिळाल्यासारखी.

मग दहाव्या घरातून जावयाची हाक आली. तो पोस्टात पत्रं लावायचा, शांत माणूस, विनोद करतानाही चेहरा हलायचा नाही.

“आबांच्या खाटेखालून धूर निघतोय,” तो दारात येऊन म्हणाला. “आबा अजून पेटलेले नाहीत, पण येऊन बघा.”

वर्षानुवर्षं पाण्याने उचलून उचलून खोलीची फरशी तडकली होती. तडेतून धूर येत होता आणि मिस्त्री खाटेवर पाय वर घेऊन ढगात बसल्यासारखे बसले होते. आळी हसली. मिस्त्रीचंच घर फुटकं, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ओव्हरसिअर हसली नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि बराच वेळ वरच्या नऊ छपरांकडे बघत राहिली.

ओळंबीही हसली नाही. तिला माहीत होतं धूर का आला नाही.

ती अकरा वर्षांची असताना या नऊ घरांच्या मागच्या अंगणांत पाणी साचायचं. अंगणांचा उतार मागे, पावसाचं गटार पुढे, शाळेच्या भिंतीला. छपरांचं पाणी अंगणात पडून भिंती ओलावायच्या, पोरांना खोकला, अंगणात बेडूक. घड्याळजींच्या वडिलांनी पुढाकार घेतला आणि मिस्त्रींना गळ घातली, की मागच्या मागे हे पाणी मैल्याच्या नळात सोडून द्या. पालिकेची बंदी तेव्हाही होती. मिस्त्रींनी दोन दिवस विचार केला आणि केलं. पण केलं ते त्यांच्या पद्धतीने. नुसता नळ जोडला असता तर मैल्याची घाण हवा पन्हळीतून वर येऊन खिडक्यांत शिरली असती. म्हणून प्रत्येक नळाच्या पोटात त्यांनी एक खोल वळण घातलं, ज्यात कायम पाणी उभं राहील. पाणी खाली जातं, हवा वर येत नाही. पावसाळ्यात ते वळण आपोआप भरलेलं. कोरड्या महिन्यांत आटू नये म्हणून अंगणाच्या कोपऱ्यात मुठीएवढं भोक आणि त्यावर दगडी झाकण. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यात अर्धी बादली पाणी ओतायचं, असा नियम त्यांनी नऊ घरांना घालून दिला.

आणि आळीने तो सत्तावीस वर्षं पाळला. ज्यांनी मिस्त्रींकडून ऐकलं होतं ती माणसं हळूहळू गेली, सुना आल्या, भाडेकरू बदलले, कारण विसरलं, पाणी राहिलं. पहिल्या तारखेला सकाळी आळीभर दगडी झाकणांचा खरखर आवाज यायचा. बेकरीवाल्याच्या बायकोला विचारलं तर ती म्हणायची, घराला बरं असतं. पाढेबाईंचा समज होता की त्याने मुंग्या येत नाहीत. धूर सोडला त्या दिवशी तारीख चार होती. वळणं काठोकाठ.

ओळंबीने सत्तावीस वर्षांपूर्वी नऊही अंगणांत ओळंबा धरला होता. पण तिला बापाचा दुसरा नियमही माहीत होता, आणि तो नळांच्या नियमाहून कडक होता. कुणाच्या घरात काय गाडलंय ते मिस्त्रीने बोलायचं नाही. कुणी भिंतीत कोनाडा करून घेतो, कुणी दार बुजवून घेतो, कुणी आणखी काही. मिस्त्री आज आहे उद्या दुसऱ्याच्या कामावर. त्याचं तोंड उघडं असेल तर त्याला घरात घेणार कोण? त्यांच्या सगळ्या उमेदीची पुंजी हीच होती, थापी नव्हे.

त्या रात्री जेवताना तिने विषय काढला. म्हणाली, पालिका आपली आळी निर्दोष धरेल, यादीतून नाव जाईल, मग पुन्हा कधी नंबर लागेल सांगता येत नाही. मिस्त्री घास चावत राहिले. ती म्हणाली, तुम्ही एक शब्द बोललात तर होईल. मिस्त्रींनी पाणी प्यायलं, भांडं खाली ठेवलं.

“माझा पाय जाईल म्हणून मी नऊ घरांचा शब्द मोडू?”

“पाय तुमचा आहे. धुवायचा मला आहे.”

“मग धू,” ते म्हणाले, आणि उठले.

आठवड्याने नोटीस आली. ती नऊ घरांना नव्हती, दहाव्याला होती. फरशीच्या तडेतून जमिनीतलं पाणी गटारात झिरपण्याची शक्यता, सबब तड बुजवावी. जावयाने नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाला, की बुडणाऱ्याला म्हणतात तू नदीत पाणी का घातलंस.

ओळंबी नोटीस घेऊन पालिकेत गेली. ओव्हरसिअरची खोली म्हणजे जिन्याखालचा कोपरा. टेबलावर नकाशे, नकाशांवर ओले बूट येऊन गेल्याचे डाग. ओळंबीची आळी नकाशावर बोटाएवढी होती. ओव्हरसिअरने बसायला सांगितलं. तिला दहावं घर आठवत होतं, खाटेवरचे आजोबाही आठवत होते. म्हणाली, मला स्वतःला हे पटत नाही. तुमच्या आळीच्या तळाशी गेल्या वर्षी पाणी मोजलं तेव्हा पाऊस सुरू झाल्यावर दहा मिनिटांत नळ तुडुंब. इतक्या लवकर येतं ते पाणी छपरांचंच असतं. पण मोजमाप सांगतं पाणी येतंय, आणि धूर सांगतो येत नाही. कागदावर धूर चालतो. शनिवारी यादी वर जाईल आणि तुमची आळी मला कापावी लागेल.

तिने खरोखरच पेन्सिल कानामागून काढून हातात घेतली होती.

ओळंबी मांडीवरची पिशवी चाचपत बसली. पिशवीत दोन शर्ट होते, वाटेत द्यायचे. तिला एकदम आठवलं, पाढेबाईंच्या अंगणात ती दोरी धरून उभी होती आणि बाप खड्ड्यात उतरून त्या वळणात पाणी ओतून तोंड लावून फुंकत होता, हवा पलीकडे जाते का बघायला. गाल फुगलेले. जात नाही बघ, म्हणाला होता, आणि लहान मुलासारखा खूश झाला होता.

“धूर पाण्यातून जातो का हो?” ओळंबीने विचारलं.

ओव्हरसिअरची पेन्सिल कागदावर टेकलेली तशीच राहिली. तिने नकाशाकडे पाहिलं, मग ओळंबीकडे. पुढे काही विचारलं नाही. शहाणी मुलगी होती. ओळंबी उठली, शर्ट देऊन घरी आली, आणि वाटभर स्वतःला सांगत होती की मी काही सांगितलं नाही, मी विचारलं.

दोनच दिवसांनी ओव्हरसिअर शिडी आणि रंगाचे डबे घेऊन आली. आता धूर नाही. माणूस शिडीवर चढून पन्हळीत हिरव्या रंगाचं पाणी ओतायचा आणि खाली, मिस्त्रींच्या दारापुढच्या गटाराचं झाकण उघडून ती स्वतः वाकून बघायची. घड्याळजींच्या पन्हळीत ओतलं. थोड्या वेळाने खाली हिरवं. झाकणाशी उभ्या माणसाने हात वर केला. पाढेबाईंच्या ओतलं, हिरवं. एकेका घराला नीट थांबून, आधीचा रंग वाहून जाऊ देऊन, दुपारपर्यंत नऊ वेळा हात वर झाला. आळी या वेळीही बाहेर होती, पण हात वर झाला की एकेक दार लागत होतं.

संध्याकाळी घड्याळजी खाली आले. मागे पाच-सहा जण. घड्याळजी म्हणजे बारीक आवाजाचे, नेमके. रागावले तरी शब्द चिमट्याने उचलून ठेवल्यासारखे बोलायचे. ते खाटेसमोर उभे राहिले आणि म्हणाले की धुराला जे सापडलं नाही ते दहा-बारा दिवसांत रंगाला सापडतं, याचा अर्थ कुणीतरी तोंड उघडलं. हे माहीत असणारा माणूस आळीत एकच आहे. माझ्या वडिलांना तुम्ही शब्द दिला होता.

ओळंबी मधल्या दारात उभी होती. हातात कुणाचातरी उसवलेला शर्ट, एक कॉलर खाली लोंबत असलेला. तिने तोंड उघडलं. मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं, तेवढंच, जसे पूर्वी दोरी सरळ आहे ना म्हणून पाहायचे.

“मी सांगितलं,” मिस्त्री म्हणाले.

“तुम्ही?”

“पाय दुखतो. सांगितलं.”

 घड्याळजी म्हणाले, मला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल. नाही म्हणाला असतात तर मी मानलं असतं. आणि ते गेले. मागचे पाच-सहाही गेले. बेकरीवाला तेवढा वळून, झोपा आता, असं काहीतरी पुटपुटला, जरी तेव्हा दिवे लागायचीच वेळ होती.

 लोक गेल्यावर मिस्त्रींनी विचारलं, की त्या ओव्हरसिअरबाईला नेमकं काय सांगितलंस. ओळंबीने सांगितलं.

“हं,” ते म्हणाले. “तेवढं पुरतं.”

ती रडली ते त्यांच्यासमोर नाही, नहाणीत जाऊन, त्या जाळीशी बसून. ज्या नावावर हा माणूस आयुष्यभर उभा होता ते नाव त्याने तिच्यावर पांघरूण म्हणून घातलं होतं, आणि ते परत करायची काहीच सोय नव्हती. खरं सांगायला वर जावं तर बाप दोनदा खोटा पडणार.

नऊ घरांना नोटिसा आल्या: छपराचे नळ मैल्यातून सोडवून घराच्या कडेने पुढे आणून शाळेच्या भिंतीच्या गटारात सोडावेत, महिन्याभरात. आळीचं नाव यादीत राहिलं. ओळंबीला वाटलं, निदान एवढं तरी.

मग मिस्त्रींनी जे केलं ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पायाला फडकं बांधलं, अडगळीतून हत्यारांची पिशवी काढली आणि काठी टेकत उतार चढले. लेक मागून. प्रत्येक दारात त्यांनी एकच सांगितलं, की जोडलं मी, तोडतोही मीच, तुम्हाला काही करायला नको, अंगण खोदू द्या. लोकांनी बसायला खुर्ची दिली, पाणी विचारलं. रागावलेल्या माणसांच्या दारात हातोडा घेऊन म्हातारा उभा राहिला की राग अवघडतो. पण खोदू कुणी देईना. एकाच्या अंगणात आता लादी होती. एकाने नळावरच खोली बांधलेली. एकाचा भाऊ परगावी, तो आल्याशिवाय नाही. आणि घड्याळजींनी तर वेगळंच सांगितलं.

“मिस्त्री, तुमच्यावर राग आहे तो आहेच. पण काम मी तुम्हाला मोडू देणार नाही. सत्तावीस वर्षांत थेंब गळला नाही. असं काम मोडतात?”

“वाईट केलं असतं तर मोडू दिलं असतंत?” मिस्त्रींनी विचारलं.

घड्याळजी म्हणाले, वाईट असतं तर ते आपणहून मोडलं असतं.

 मिस्त्री खाली उतरताना दोनदा थांबले. लेकीने हात धरला तर झटकला नाही, यावरूनच तिला कळलं की ते किती थकलेत.

दोघे तयार झाले, पाढेबाई आणि बेकरीवाला. पाढेबाई अविवाहित, शाळेतून निवृत्त. त्या म्हणाल्या, नोटीस आली म्हणजे आली, आयुष्यभर मुलांना नियम शिकवले, आता पळवाट काढू का. बेकरीवाल्याने कारण सांगितलं नाही. मिस्त्री स्टुलावर बसून सांगायचे, ओळंबी आणि तिचा नवरा सुट्टीच्या दिवशी खोदायचे. जावई खड्ड्यात उतरून म्हणाला की सासऱ्याच्या पापाचा वाटा जावयाला हे कुठल्या कायद्यात बसतं, आणि पाढेबाईंना हसू फुटलं. वळण उघडं पडलं तेव्हा मात्र सगळे वाकून बघायला लागले. सांध्याचं लिंपण नखाने उकरलं तर नख तुटावं असं. आत पहिल्या तारखेचं पाणी स्वच्छ उभं होतं. ते फोडायला दोन दिवस लागले. पहिला घाव मिस्त्रींनी घातला, दुसरा त्यांच्याने घालवला नाही.

उरलेल्या सातांनी मिळून अर्ज दिला, की काम कठीण आहे, पावसानंतर करू. मुदतवाढ मंजूर झाली. ओव्हरसिअर स्वतः ते सांगायला आली. म्हणाली, मी नको म्हणून लिहिलं होतं, सही वरून झाली. ती दारातच उभी राहून बोलली. आत ये म्हटलं तर म्हणाली नको, बूट घाण आहेत. त्या घरात बूट घाण असल्याची लाज वाटणारी ती पहिलीच.

पाऊस आला तो एका गुरुवारी दुपारी, शाळा सुटायच्या वेळी. ओळंबीने सगळी तयारी केली होती. जाळीच्या तोंडात लाकडी गुडदी, म्हणजे जाडसं बूच, ठोकून वर वाळूची पोती. तड सिमेंटने बुजवलेली. दोरीवरचे शर्ट गाठोडं करून कपाटाच्या माथ्यावर. खाट गेल्या वर्षीसारखीच चार-चार विटांवर चढवलेली आणि खाटेवर मिस्त्री, पाय उशीवर. नवरा साहेबाला सांगून लवकर आला होता. तिघं जण जाळीकडे बघत बसली, दुखणेकऱ्याकडे बघत बसावं तशी.

दहा-पंधरा मिनिटं काहीच झालं नाही. ओळंबीच्या मनात आलं, झालं, थांबलं. मग पोती उचलल्यासारखी हलली. गुडदी बाटलीचं बूच उडावं तशी उडाली आणि त्याच वेळी खाटेखालचं नवं सिमेंट बशीसारखं वर आलं. काळं पाणी दोन्हीकडून. तिने आणि नवऱ्याने बादल्या घेतल्या, पण टाकायचं कुठे? दाराबाहेर टाकलं तर पाऊस, आत टाकायला तर तेच भरलेलं. चार-पाच बादल्या झाल्यावर नवऱ्याने तिच्या हातातली बादली हळूच काढून घेतली. दोघंही खाटेच्या कडेला बसली, पाय वर घेऊन, बापाच्या शेजारी. एका खाटेवर तिघं आणि खाली आळी वाहतेय.

मिस्त्री विटा मोजत होते.

“गेल्या वर्षी तिसरी वीट बुडली होती,” ते म्हणाले. “औंदा तिसरी दिसतेय. चार बोटं कमी आहे.”

“हो आबा.”

“दोन घरांची चार बोटं.”

त्यांनी सातांचा हिशेब केला नाही. पाऊस थांबल्यावर पाणी उतरलं, पण नेहमीसारखं झटकन नाही. जाळीच्या तोंडाशी येऊन अडून बसलं. दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं, छपरं वाळली, तरी अडलेलंच. ओव्हरसिअरने झाकण उघडून पाहिलं तर गटारात नितळ, गार पाणी धो-धो. ती म्हणाली, हे छपराचं नाही. हे जमिनीतलं. नळ साठ वर्षांचा, जागोजागी सांधे सुटलेत, ओली जमीन त्यात पाझरतेय. नऊच्या नऊ घरांनी तोडलं असतं तरी निम्मं पाणी राहिलंच असतं. आख्खा नळ बदलायला हवा. कधी, असं ओळंबीने विचारलं. ती म्हणाली, यादीत आहे. आणि मग खाली बघत म्हणाली की यादी लांब आहे.

मिस्त्रींनी हे खाटेवरून ऐकलं. म्हणजे तोडूनही, बोलूनही, नाव घालवूनही. ते भिंतीकडे तोंड करून पडले. त्या पावसाळ्यात पाणी आणखी दोनदा आलं. दुसऱ्या वेळी खाटेवरून उतरताना त्यांचा तोल गेला आणि पाय पाण्यात पडला.

पाय काढला गुडघ्याखाली. त्यानंतर ते दीड वर्ष जगले, जावयाच्या चुलतभावाकडे, दुसऱ्या मजल्यावर, जिथे ओळंबीने आपलं मशीन आणि त्यांना दोघांनाही हलवलं. खिडकीतून आपली आळी दिसत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहून घेतलं आणि बरं झालं म्हणाले. आळीतून त्यांना भेटायला बेकरीवाला यायचा, दर रविवारी, पावाची पुडी घेऊन. घड्याळजी एकदाच आले, शेवटी, आणि अंत्ययात्रेत सगळ्यात पुढे चालले.

ओव्हरसिअर पुढे दुसऱ्या शहरात गेली, मोठी अधिकारी झाली असं कळलं. जाताना ती ओळंबीला भेटून गेली आणि म्हणाली, तुमचा तो प्रश्न मी आता प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी विचारते. ओळंबीला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. पाढेबाई नव्वदीत वारल्या. त्यांच्या पन्हळीचा पुढे आणलेला नळ शेवटपर्यंत आळीत सगळ्यात सरळ होता. बेकरीवाल्याची पोरं बेकरी विकून गेली. घड्याळजींच्या घड्याळांच्या दुकानाच्या जागी त्यांच्या सुनेने चष्म्यांचं दुकान काढलं.

नळ बदलला एकोणिसाव्या वर्षी. आळी आणि मागची अंगणं खणली तेव्हा मजुरांना सात वळणं सापडली, सातही शाबूत, सातांतही पाणी. मुकादमाने म्हणे विचारलं की हे कुणाचं काम, आणि कुणालाच सांगता आलं नाही. दहाव्या घरात तोवर तिसरं बिऱ्हाड आलं होतं. त्यांना आता कोरडं आहे.

ओळंबीने मशीन सोडलं ते कॉलरी उलटवून घेणारे लोकच उरले नाहीत तेव्हा. नवरा निवृत्त होऊन गेला, शेवटपर्यंत चेहरा न हलवता. त्या दिवशी मी सांगितलं होतं, आबांनी नाही, हे तिने आळीत कुणालाही कधी सांगितलं नाही. आधी बापासाठी सांगितलं नाही, आणि नंतर सांगण्यासारखं माणूसच राहिलं नाही. आळीत ती एकदाच गेली, घड्याळजींच्या मयताला. योगायोगाने महिन्याची पहिली तारीख होती. मागच्या अंगणात माणसं उभी होती, आणि त्या गर्दीतून वाट काढत घड्याळजींची नातसून अर्धी बादली घेऊन कोपऱ्यात गेली. खाली आता काही नव्हतं, नळ केव्हाच काढलेला. तिने दगडी झाकण सरकवलं, पाणी ओतलं, झाकण लावलं, आणि ओला हात पदराला पुसत आत निघून गेली.